नियम चौथा

—लिहून देतो ना ताई, पण आधी सुई बदलतो, टोक वाकलंय, म्हणून तुमचं मशीन टाके सोडतंय. शिवणाऱ्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढताय, चांगलंय — आणि नियम मला विचारताय. आमचा शिलाई मशीन दुरुस्तीवाल्यांचा आहे, चारशे जण, ॲडमिन मी. शिव्या नाहीत, जाहिरात नाही, गिऱ्हाइकाचा फोटो नाही. आणि चौथा — तोच प्रश्न तीनदा विचारला की बाहेर. कुणीही असो. हे ‘कुणीही असो’ मीच घातलं, फार शहाणा ना मी.

पहिलं बाहेर कोण गेलं असेल? माझा सख्खा भाऊ. वडील गेल्यावर दादानंच मला हाताला धरून हे काम शिकवलं — आणि एक दिवस तोच ग्रुपवर विचारतो, मशीनमधलं बॉबिनचं शटल कसं बसवायचं. ज्यानं चाळीस वर्षं डोळे मिटून शटल बसवलं, तो. मला वाटलं, खिजवतोय — धाकट्याला ॲडमिन केलं ना, म्हणून. उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. लोक म्हणायला लागले, बघू आता, भावाला नियम लागतो का. लावला की. काढून टाकला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फोन? नाही केला. दोन गल्ल्या सोडून राहतो, गेलोही नाही. आठ दिवसांनी वहिनी आली. म्हणाली, भावजी, यांना हल्ली आठवत नाही काही. घरात कळू नये म्हणून तिथं विचारायचे — तिथं तुम्ही आहात म्हणून. आता नुसता फोन हातात घेऊन बसतात, म्हणतात, आज कुणी बोलत कसं नाही.

परत घेतलं की, त्याच दिवशी. पण त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. आजतागायत नाही.

तुमच्या शेजारी बसलाय ना — हो, तोच. वहिनी सकाळी आणून बसवते. मी रोज त्याच्या हातात शटल देतो, म्हणतो, विचार दादा, शंभरदा विचार, मी आहे. तो ते नुसतं हातात फिरवत बसतो.

नियम ना? पहिले तीन देतो लिहून. चौथा नका घालू — आणि कुणाला काढायच्या आधी एकदा घरी जाऊन या. झालं तुमचं मशीन, न्या. नाही नाही, ते शटल राहू दे त्याच्या हातात. तुमचं नाही ते.