सतरा सीटची गाडी माळशेजला

(माळशेज घाट. ठाण्यातल्या बाळकुमची ठमाबाई ड्रायव्हर गुणाजीच्या शेजारी बसलीय. मागच्या सगळ्या सीट रिकाम्या.)

गुणाजी : आजी, मागं खडखडतंय त्याला घाबरू नका. वजन नसलं की वाजतात सीटा.

ठमाबाई : मी कशाला घाबरू? सकालपासून आरशान काय बघतोस? मागं काय नटी बसवलीय?

गुणाजी : तसं नाही ओ. पण एकट्यासाठी सतरा सीट... खोपटच्या स्टँडला छोटी गाडी उभी होती, तीच आणली असती मी.

ठमाबाई : एकटीसाठी नव्हती. दोन पोरं, सुना, नातवंडं, सगले येनार व्हते. म्हाताऱ्याचा घाट दाखवाचा व्हता त्यांना.

गुणाजी : म्हातारा म्हणजे आजोबा?

ठमाबाई : मग काय शेजारचा? मिठागरं व्हती आमची. मिठाचा ट्रक घेऊन ह्याच घाटान वर ओतूरला जायचा. येताना कांदे आनायचा आनि बाता. ढग दारान शिरतो, माकड मांडीवरची भाकर नेतं... मना कवा आनला नाय मेल्यानं.

गुणाजी : ती घार बघा, आपल्या खाली उडतेय.

ठमाबाई : आगो बाय! घारीची पाठ कवा बघितली नव्हती मी. खालून पोटच दिसतं तिचं.

गुणाजी : तिकडं पिवळं पिवळं, सोनकी फुललीय. पोरं आली असती तर... का नाही आली ओ?

ठमाबाई : दिपेश बोलला, क्लायंट हाय. मी बोलले, नको येऊ, प्रीतमचे सगले येतात. प्रीतम बोलला, पोराचा क्लास हाय. त्याला मी बोलले, नको येऊ, दिपेशचे सगले येतात.

गुणाजी : म्हणजे दोघांना वाटतंय...

ठमाबाई : वाटू दे. हात जोडाला मी काय मतं मागते?

गुणाजी : फोन वाजतोय तुमचा. कृतिका.

ठमाबाई : दिपेशची पोर. स्पीकर कर. बोल गो!

कृतिका : आजी, पोचलात? काका फोनच उचलत नाहीयेत यार. सगळे कुठेयत?

ठमाबाई : माकडं बघाला गेलेत.

कृतिका : ग्रुपवर फोटो टाक ना. सगळ्यांचा हां! बाबा विचारतायत.

ठमाबाई : टाकते. ठेव.

गुणाजी : आता काय?

ठमाबाई : आता गाडी थांबव. कठड्याजवल ती लोकं पाठमोरी उभी हायत ना? मी पुढं उभी राहते. फोटो असा काढ का माझीच वाटतील.

गुणाजी : बाई जीन्समध्ये आहे ती.

ठमाबाई : आमची धाकटी सून काय नऊवारी नेसते? काढ.

गुणाजी : जरा डावीकडे... हां... अरे, ढग आला. आजी, कोणच दिसत नाही. तुम्हीसुद्धा.

ठमाबाई : दारान शिरतो बोलायचा. खराच बोलायचा रे तो.

गुणाजी : चला, गाडीत बसा.

ठमाबाई : थांब, नारल फोडते. घाटान तो फोडायचा. पयला तुकडा चाकापुढं, बाकीचा गाडीतल्या सगल्यांना. कोन राहिला तर गाडी हलवाची नाय. घे.

गुणाजी : एवढं खोबरं मी एकटा?

ठमाबाई : सगले म्हंजे तूच. खा गुपचूप.

गुणाजी : आजी, माकड! भाकऱ्यांची पिशवी नेली!

ठमाबाई : नेऊ दे. पहाटे उठून सगल्यांच्या मापानं थापल्या व्हत्या. बघ तिला, एक पोर पोटाला, दोन बाजूला. सगलं घर आलं तिचं जेवाला.

गुणाजी : ...ढग गेला. काढू तुमचा? एकटीचा?

ठमाबाई : डोंगराचा काढ. मना वगल.

गुणाजी : खाली काय लिहू?

ठमाबाई : लिही, सगल्यांना लय मजा आली.

गुणाजी : संध्याकाळी दोघं भाऊ भेटले की कळेल ना ओ.

ठमाबाई : भेटू दे. एका बिल्डिंगीन राहतात, कवा तरी भेटू दे.

गुणाजी : पाठवला. बसा पुढं.

ठमाबाई : नको. उतरताना मी मागं बसते. लय वाजतंय मागं.