काचेखालचा भात

नातवंडांनो, सुमनताई आमच्या कॉलेजच्या संशोधनासाठी गावोगाव सूर्यचूल दाखवत. परवा नंदनवन भागातल्या त्यांच्या घरी त्या बोलल्या ते लिहून घेतले. बोली त्यांचीच आहे. ‘बाई’ म्हणजे मी.

मी कळमेश्वराकडच्या खेड्यातली, अन् लहानपणापासून माझ्या पायाले भिंगरी. माय म्हणे, ही पोट्टी जेवतानाही उभी राहते. अशा पोरीले दिलं कुठं, तं जिथं सासू दिवसभर उंबरठ्यावर बसून राहे अन् सून दारात आली की विचारे, कुठं चालली वं? पाण्याले निघाली तरी तेच, देवळात निघाली तरी तेच. काय सांगू बाई तुम्हाले, त्या घरात माझा जीव डब्यातल्या भुंग्यासारखा घुमे.

मग तुम्ही आल्या त्या पेट्या घेऊन. काळी पेटी, वर काच, झाकणाले आरसा, उन्हात ठेवली की भात आपोआप शिजते. गावोगाव दाखवाले बाई पाहिजे होती, मी म्हटलं मी येतो. सासू म्हणे, जा, पण उन्हाळ्यात मुंगवड्या वाळू घालाच्या दिवसापर्यंत. तोवर आपल्याच घरी ही पेटी चालली नाही तं लोकाइच्या दारात कोणत्या तोंडानं जाशील? मग घरी बसाचं.

अन् पेटी चालेना. म्हणजे भात शिजे, पण सासू खाईना. तुम्ही गावातल्या बायाइलेही पेट्या दिल्या, विचारलं, लाकडं किती लागते, धुरानं डोळे दुखते का, त्याइनं सगळं सांगितलं अन् पेट्या झाकून ठेवल्या. मी रोज आमची पेटी उन्हामागं सरकवत राहो, अन् सासू रोज तिच्यावर लुगडं टाके. एक दिवस मी भांडलीच, आत्याबाई, काहून झाकता? तं म्हणे, येडी आहे का वं, येणारा जाणारा काचेतून पाहते, आज ह्याइच्या घरी वरण आहे, आज नुसत्या कण्या आहे. चांगलं शिजलं तं नजर लागते, वाईट शिजलं तं इज्जत जाते. मी तुम्हाले सांगितलं, तुम्ही म्हणाल्या, सुमन, पेटी घरामागं ठेव. घरामागं कडुलिंबाची सावली, तिथं ऊन कुठून आणू बाई?

तो दिवस आलाच. आमच्याकडं मुंगवड्या एकटीनं कोणी घालत नाही, गल्लीतल्या बाया आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. त्या दिवशी आमच्या अंगणात बाजेवर मुगाच्या डाळीच्या मुंगवड्या घातल्या अन् आले कावळे. हाकलून हाकलून सासू थकली. मले म्हणे, तुही ती आरशाची पेटी आण वं, कावळे भेतील. आरसा चमकला, कावळे उडाले, साऱ्या बाया हसल्या. मी गुपचूप आत डाळ-तांदूळ ठेवले. सासूनं पाहिलं. मले वाटलं, आता उठते अन् लुगडं टाकते. ती म्हणे, आज राहू दे. आज सगळ्याइचं जेवण आहे, सगळ्याइच्या जेवणाले कोणाची नजर लागते?

भर उन्हाळ्यात त्या दिवशी कोणी चुलीपुढं बसलं नाही. सासूनं खिचडी खाल्ली अन् म्हणे, मीठ कमी आहे. मी समजली, मी सुटली.

मग आपण पेट्या नेल्या त्या वाळवणाच्याच दिवसात, जिथं अंगण बायाइनं भरलेलं असे तिथं. सगळीकडं जमलं असं नाही. रोजच्या जेवणाले तं सासूनंही मरेपर्यंत पेटी वापरली नाही. पण मले अडवलं नाही. कुठं चालली वं, एवढं विचारे, अन् मी गावाचं नाव सांगे.

आता ती नाही. गुडघे दुखते, तरी दुपारी घरात बसवत नाही, चपला घालतो, उंबरठ्यापाशी येतो अन् पाय थांबते. कोणी विचारतच नाही. तुमची नातवंडं तिकडं एवढ्या लांब, त्याइच्याही पायाले भिंगरीच म्हणा. फिरू द्या बाई. फक्त दारातून निघताना, कुठं चालली वं, कुठं चालला गा, असं म्हणणारं कोणीतरी त्याइले तिथं भेटो.