तीस मोजेपर्यंत

नाही, पण मी म्हणतो, एका पायावर उभं राहायचं तर राहा की बापडे, त्यात डोळे कशाला मिटायचे? बरं, मिटलेत डोळे, तर मग पायाखाली डगमगती फळी कशाला? आणि त्या डगमगत्या फळीवर, एका पायावर, डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला मधूनच धक्का द्यायचा, का, तर म्हणे तोल जायला हवा! अहो, माझं अख्खं आयुष्य तोल जाऊ नये म्हणून खपण्यात गेलं, आणि आता... थांबा. असं मधूनच नको. सावकाश सांगतो. मी घाईचा माणूस नाही.

तुम्हाला सांगतो, मी इथल्या मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं खलाशी होतो. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे हो, क्रेनखालचा. साठ-साठ टनांचं लोखंडी धूड, त्याला दोर बांधायचा, वर क्रेनवाल्याला हातानं खूण करायची, हळू... हळू... बस. शाळा मी पाहिली ती बाहेरून. आकडे शिकलो ते तिथेच, एक, दो, तीन, उठाव! पण चौतीस वर्षांत माझ्या खुणेनं कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही. एकदा मी सुट्टीवर होतो, दुसऱ्यानं खूण केली, जेवणाची सुट्टी व्हायची होती म्हणून जरा लवकर केली, आणि आमच्या टोळीतल्या यशवंतचं पाऊल धुडाखाली गेलं. एवढंच. जरा लवकर. तेव्हापासून मला कुणी कितीही हाका मारा... मी घाईचा माणूस नाही.

तर आमची नात, सुरुची. एकोणीस वर्षांची. बर्फावरची हॉकी खेळते. आता भोपाळला हॉकी काय नवीन? पण बर्फावरची! आमच्या वस्तीत, अवधपुरीत, बर्फ कुठं, तर उसाच्या रसवाल्याकडे, पोत्यात गुंडाळलेला! ही लहानपणापासून चाकांच्या बुटांवर पळायची, ते कुणीतरी पाहिलं, हिला लेहला नेलं. तिथं थंडीत तलाव गोठतात, आणि त्यावर बुटांना पाती लावून या पोरी घसरत सुटतात, चेंडूसुद्धा नाही, रबराची चपटी चकती काठीनं हाणतात. आमची मनोरमा, म्हणजे माझी बायको हो, म्हणाली, "चालायला चांगली जमीन असताना माणसानं घसरायला एवढ्या लांब जायचं?"

गेल्या थंडीत तिथंच, भर वेगात वळली, पातं अडकलं, अंग पुढे गेलं आणि गुडघा मागे राहिला. आत एक दोरी असते म्हणे, लिगामेंट, ती अर्धी तुटली. आता दोर मला कळतो. अर्धा तुटलेला दोर मी कधी कुणाला वापरू दिला नाही, तिथंच कापून फेकायचो. पण पोरीच्या गुडघ्यातला दोर कुठं फेकणार, सांगा?

मग अशोका गार्डनमधले ते व्यायामवाले डॉक्टर, शैलेंद्र. सज्जन माणूस. गुडघा हलवून, दाबून बघितला आणि मला म्हणतात, "दादाजी, ताक़त तो बहुत है बच्ची में. पर घुटने को पता ही नहीं कि वो कहाँ है!" घ्या! म्हटलं, डॉक्टरसाहेब, गुडघा तिथंच आहे, मांडीच्या खाली! हसले नाहीत. म्हणाले, "खेल में आँख तो उस टिकिया पे रहेगी ना. बग़ल से कोई लड़की आके टकराएगी, तब नीचे कौन देखेगा? पैर को ख़ुद समझना है, दिमाग़ से भी पहले." आणि मी माझ्या तळहाताकडे बघितलं. कारण हे खरं होतं. धूड झोका खाणार हे मला डोळ्यांनी कधी दिसलं नाही, दोराला लावलेल्या तळहाताला आधी कळायचं. तळहात कुठं शाळेत गेला होता?

तर झाला व्यायाम सुरू. स्टुलावरून उडी मारायची आणि गुडघा आत पडू न देता उतरायचं. मनोरमा पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "आत गेला गं! पुन्हा!" तिचा गुडघा तिला स्वतःला जिना चढू देत नाही, पण नजर बघा! मग दोन गुडघ्यांत चेंडू धरून दाबायचा, जांघेसाठी. बर्फावर पाय बाजूला रेटतात ना, तिथं जांघ फार दुखावते म्हणे. मग फळी. मग मी कापडी चेंडू फेकायचा, हिनं फळीवरून झेलायचा. आणि सगळ्यात शेवटी ते तीस सेकंद. फळी नाही, काही नाही. दुखऱ्या पायावर, डोळे मिटून, तीस. तीनदा. ते झालं तर डॉक्टर सही करणार, आणि जानेवारीत लेहच्या कॅम्पला जाता येणार. नाही तर नाही.

डॉक्टर म्हणाले, "घर पे मोबाइल लगा लेना." आणि मी म्हणालो... जीभ झडो माझी... मी म्हणालो, "मोबाईल कशाला? मी आहे की मोजायला!"

पहिल्या दिवशी उभी राहिली. एक... दोन... तीन... मी अगदी रुबाबात. बारा झाले आणि तिची पोटरी थरथरायला लागली. ओठ दातांत धरलेला. घामाचा थेंब फरशीवर पडला, टप्प, मला ऐकू आला. तेरा, चौदा... आता तुम्हीच सांगा, तुमच्या समोर तुमची नात अशी कापत उभी असती, तर तुम्ही काय केलं असतं? माझी जीभ आपोआप पळायला लागली. पंधरासोळा सतराअठरा एकोणीसवीस... तीस! झालं, बस बेटा! आतून मनोरमा म्हणाली, "अहो, गाडी सुटतेय का तुमची?" म्हटलं, "तू तुझी पोळी बघ."

असे सात आठवडे. रोज सकाळ-संध्याकाळ. रोज तीस.

मग तपासणीचा दिवस. शैलेंद्र डॉक्टरांच्या हातात घड्याळ, आम्ही दोघं बाकावर, मनोरमाच्या ओटीत देवाचा अंगारा. सुरुचीनं डोळे मिटले, पाय उचलला. तुम्हाला सांगतो, दगडासारखी उभी! पोटरी थरथरली, सावरली. माझी छाती फुगली. आणि मग... मध्येच... कुणी काही म्हटलेलं नसताना... तिनं पाय खाली टेकवला, डोळे उघडले, आणि हसली. म्हणाली, "झालं!"

डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, "बेटा, अभी तो अठारह हुए हैं."

पडली नव्हती हो ती. तिच्या अंगानं अठरालाच ठरवलं की संपलं. गुडघ्याला मी शिकवलेलं, आणि गुडघा चांगला विद्यार्थी निघाला! पुन्हा उभी राहिली. एकवीसला पडली. तिसऱ्यांदा तेवीसला. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं आणि विचारलं, "घर पे गिनता कौन है?"

मनोरमानं माझ्याकडे बघितलं. मीच हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता, तो तिथं केला.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "दादाजी, आज ये पास हो जाती ना, तो बर्फ़ पे बाक़ी की आधी लिगामेंट भी जाती." बस. आणि मला यशवंतचं पाऊल दिसलं. खूण करणारा तोही वाईट माणूस नव्हता हो. त्यालाही कुणाला तरी उपाशी ठेवायचं नव्हतं.

लेहची तुकडी गेली. सुरुची गेली नाही. एका महिन्यानं पुन्हा तपासणी, मग दुसऱ्या कॅम्पचं बघू म्हणाले. घरी आल्यावर ती थेट आपल्या खोलीत गेली. रात्री जेवताना मला भाजी मात्र वाढली.

काल सकाळी मीच मोबाईल नेऊन तिच्या हातात दिला. म्हटलं, "घे बाई, हा खोटं बोलणार नाही." ती म्हणाली, "नाही, तुम्हीच मोजायचं. पण आधी तीस म्हणजे किती, ते तुमच्या पायाला कळू दे. श्रावणात बाथरूममध्ये पडला होतात ना? डॉक्टर म्हणाले, आजोबांनाही हाच व्यायाम." आणि मला व्हरांड्यात जाळीपाशी उभं केलं, एक हात जाळीवर, दुसरा तिच्या खांद्यावर, एक पाय वर. "डोळे मिटा."

मनोरमा पोळपाट टाकून बघायला आली. "थांब, मी खुर्ची आणते," म्हणाली. स्वतःसाठी!

एक... सुरुची म्हणाली, आणि मग जरा थांबली... दोन. खरे सेकंद एवढे लांब असतात? कुणी सांगितलंच नाही! दहाला माझी पोटरी कापायला लागली. पंधराला घोट्यात जाळ. ती आपली शांत, अगदी माझ्यासारखी. सोळा. सतरा. माझ्या कपाळावरचा थेंब फरशीवर पडला, टप्प, आणि आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"अठरा," ती म्हणाली. "तुमचे तीस झाले, आजोबा. आता खरे बारा राहिले."

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं क्रेनखाली जे माझ्या तोंडून कधी निघालं नाही, ते काल निघालं. म्हटलं, "बाई गं... जरा घाई कर!"