हिरव्या ठिपक्याकडे पाहा

...नाही हो, मशीनबद्दल माझी तक्रारच नाही! तुम्ही आधी नीट ऐकून तर घ्या, मशीन फार गुणी आहे, रजेवर जात नाही, जेवायला उठत नाही, 'उद्या या' म्हणत नाही, आणि मुख्य म्हणजे मशीन खात नाही! सरकारी ऑफिसच्या दारातच केवढा बोर्ड लावलाय, 'येथे लाच द्यावी लागत नाही', आणि त्या बोर्डाखाली आमचे हे माझा हात धरून उभे, मला विचारतायत, काय लिहिलंय गं? म्हटलं, तुमच्यासाठी नाही लिहिलेलं, चला आत.

तर तुम्हाला सांगते, आमचे हे दोन्ही डोळ्यांनी आंधळे. लहानपणी ताप आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. मोठ्या दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ह्यांचा स्टॉल आहे, एवढासा, पण पेशंट घाईघाईत भरती होताना घरी जे जे विसरून येतो ते सगळं तिथे मिळतं, ब्रश, कंगवा, साबण, टॉवेल. ती जागा अंधांसाठी राखीव. म्हणजे ह्यांना दिसत नाही असा सरकारी दाखला आहे तोवर स्टॉल, आणि स्टॉल आहे तोवर आमची चूल. आणि त्या दाखल्याला मुदत! आता मला सांगा, गेलेले डोळे काय मुदत संपली की परत येतात? पण नाही, नूतनीकरण करायचं. दवाखान्याच्या मॅनेजरनी बजावून ठेवलं होतं, महिनाअखेर नवा दाखला आणा, नाहीतर कुलूप.

पूर्वी हे काम खोकलेसाहेब करायचे. खरं आडनाव कुणाला ठाऊक, पण तुमची फाईल हातात घेतली की त्यांना खोकला यायचा. टेबलाखालून पाकीट सरकवलं की थांबायचा. मी शिव्या घालायचे त्यांना, मनातल्या मनात, पण पोटभर. तरी एक होतं, पाकीट खिशात गेलं की मान वर करून ह्यांच्याकडे बघायचे, काय मालक, बरंय ना, म्हणायचे, आणि शिक्का मारायचे. समोर आंधळा माणूस उभा आहे हे त्यांना दिसायचं हो! पैसे घेऊन का होईना, दिसायचं.

आता खोकलेसाहेब डोक्यावरच्या कॅमेऱ्याखाली दोन्ही हात टेबलावर पसरून बसतात, नाक खाजलं तरी सोसतात, आणि मशीनकडे बोट दाखवतात. मशीन म्हणजे माणसाएवढं कपाट, वर पडदा, पडद्यावर काचेचा डोळा, आणि खाली कमरेशी एक जाळी, तिच्यातून बाई बोलते. काय गोड बोलते! 'नमस्कार. कृपया हिरव्या ठिपक्याकडे पाहा आणि डोळे मिचकवा.' कशासाठी, तर एकाच्या नावावर दुसऱ्यानं दाखला लाटू नये, समोर खराखुरा माणूस आहे याची खात्री हवी. छान आहे! पण बाई गं, कुणाला सांगतेस? आंधळ्याला सांगतेस, ठिपका बघ म्हणून?

आणि आमचे हे काय करणार, आवाज येईल तिकडे कान देणार. आयुष्यभर तेच केलंय. बाई खालून बोलली की हे वाकून जाळीला कान लावतात, आणि वर पडद्यावर ह्यांचं टक्कल. 'चेहरा आढळला नाही.' मी मान धरून सरळ करते, बाई पुन्हा बोलते, हे पुन्हा जाळीकडे. 'चेहरा आढळला नाही.' शेवटी मी हनुवटी घट्ट धरून ठेवली, तर म्हणते कशी, 'कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने उभे राहावे.' मागे रांग चुळबुळतेय, त्यातले एक गृहस्थ मला म्हणतात, मावशी, त्यांना जरा नीट बघायला सांगा ना. नीट बघायला सांगा!

गेले खोकलेसाहेबांकडे. म्हटलं, साहेब, तुम्ही ह्यांना किती वर्षं ओळखता, करा काहीतरी... आणि पर्समधलं पाकीट जरासं वर काढलं. हो, काढलं, लाजत नाही मी. तर त्या माणसाचे डोळे भरून आले.

"ताई, ठेवा ते आत," म्हणाले. "मी घेईन हो, पण बदल्यात द्यायला माझ्याकडे आता आहे काय?"

म्हणजे बघा, मशीन खात नाही, त्यांनाही खाऊ देत नाही, आणि आमचं काम कुणाच्याच हातात नाही!

मग काय करता, घरी शिकवणी सुरू. कपाटाच्या दाराला मी ह्यांच्या नाकासमोर येईल असं हिरवं बटण चिकटवलं, माझ्यासाठी हं, ह्यांना त्याचा काय उपयोग, आणि दार उघडून मी त्याच्यामागे उभी. म्हटलं, माझ्या आवाजाकडे कान नाही करायचा, नाक करायचं. पहिल्या दिवशी नाक छताला. आणि डोळे तर कधी इकडे, कधी तिकडे, त्यांना जन्मात कुणी एका जागी थांबा म्हणून सांगितलंच नव्हतं. रोज स्टॉल बंद करून यायचे आणि न बसता कपाटासमोर उभे राहायचे, घामाघूम व्हायचे बिचारे. आणि एका संध्याकाळी, तुम्हाला सांगते, डोळे थांबले. दारावरून मी डोकावतेय, आणि सरळ माझ्यावर थांबले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नव्हतंच, मला कळतं हो... पण मी आपली वेड्यासारखी केस सारखे करायला लागले. रडूच आलं मला. हे विचारतात, काय झालं, पुन्हा चुकलो का? म्हटलं नाही, अगदी बरोबर आहे, तसेच राहा थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मशीन आणि भिंत यांच्यात एक फट होती, त्यात मी शिरले, पोट आत ओढून. बाईचं बोलून झालं आणि मी मागून हळूच म्हटलं, "अहो." बस्स! मान वर, नाक सरळ, डोळे जागच्या जागी, मिचकवले काय, पुन्हा उघडले काय, आणि बाई म्हणाली, 'अभिनंदन. आपला चेहरा स्वीकारण्यात आला आहे.' रांगेनं टाळ्या वाजवल्या. खोकलेसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. लग्नाच्या दिवशीसुद्धा हे एवढे खूश नव्हते.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर निकाल आला. हे म्हणाले, मोठ्यानं वाच. वाचला. 'अर्जदाराने पडद्यावरील ठिपक्याकडे पाहण्याची सूचना अचूक पाळली आहे. अर्जदारास दिसत असल्याने अंधत्वाचा दाखला नाकारण्यात येत आहे.'

ह्यांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर चाचपून सारखी केली. मग हळूच म्हणाले, "पण मी छान केलं होतं ना गं?"

"फार छान केलंत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अपील आहे की! नाही कसं, सगळी सोय आहे. अपील त्याच मशीनवर करायचं. ठिपक्याकडे पाहिलं तर दिसतंय म्हणून नामंजूर, आणि नाही पाहिलं तर चेहरा आढळला नाही म्हणून अर्जच घेत नाही. पाकीट पर्समध्ये घेऊन फिरतेय मी, देऊ कुणाला? जाळीत कोंबू? मशीन खात नाही! महिना संपला, स्टॉलला कुलूप लागलं, ब्रश-कंगव्यांची खोकी आमच्या पलंगाखाली आली, आणि हे दिवसभर त्याच पलंगावर बसून असतात.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी म्हण आहे ना आपल्यात? आमच्या ह्यांनी तर एकही मागितला नव्हता हो. मशीननं दोन्ही देऊन टाकले.