शिंपिणीनं व्याही पळवून आणले

नाही, म्हणजे माणसानं कुणाचं भलं करायला जावं की नाही, तुम्हीच सांगा! एक होती शिंपीण, तिला एक लेक, लेकाला परक्या मुलखातली, बस चालवणारी बायको, आणि त्या सुनेला म्हातारे वडील... आता ही सगळी एका घरात नकोत का? नव्हती! शिंपीण लेकाकडे राहायला गेली नि बघते तर काय, व्याही वृद्धाश्रमात! घरात एक अख्खी खोली रिकामी, तिच्यात इस्त्रीचं टेबल पसरलेलं, आणि जन्मदाता बाप तिकडे! हिनं तिथल्या तिथं ठरवलं, त्यांना घरी आणायचं. मन साफ होतं हो तिचं.

लेक-सून कामावर गेली तशी ही निघाली. व्याही खिडकीशी बसलेले, आणि डोळ्यांतून धार! हिला त्यांची भाषा येईना, त्यांना हिची, पण रडणं कळायला भाषा कशाला हवी? भरली पिशवी... कपडे, चष्मा, दाढीचं सामान... धरला हात, आणलं घरी. तेही बिचारे निमूट आले. जेवले, पण नजर सारखी दाराकडे!

आणि तिकडे आश्रमात पळापळ! सुनेला फोन. ती दुसऱ्याच्या हाती बस सोपवून धापा टाकत आली, बापाशी दोन शब्द बोलली नि तिनं नवऱ्याला बोलावून घेतलं. मागून लेक आला, त्यानं कपाळाला हात लावला.

"आई, नर्सनं डोळ्यांत औषध घातलं होतं गं. त्यांना वाटलं, लेकीवरच काही संकट आलंय, म्हणून तू न्यायला आलीस."

मन साफ होतं हो तिचं... पण तो आश्रम म्हणे व्याह्यांनी स्वतः निवडलेला. सून त्यांना सारखी विचारते, घरी येता का, आणि ते म्हणतात, तुझ्याकडे मी पाहुणा, इथं माझ्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. विचारते! तुम्हाला सांगते, शिंपिणीनं गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कापडाला कधी कात्री लावली नाही. पण घरच्या माणसाला? स्वतःच्या सासूला थोरल्याकडून धाकट्याकडे हलवत राहिली सगळी, हीसुद्धा. तुला कुठं बरं वाटतं, असं त्या माउलीला विचारलं होतं का कुणी?

सून भांडली असती तर परवडलं असतं हो! ती नुसती पाणी पीत बसली. आता ही आपलं तोंड तरी बघेल का, या धास्तीनं शिंपिणीनं रात्रीच व्याह्यांची पिशवी परत भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांना परत पोचवलं. तिथं त्यांचे पत्त्यांचे भिडू ताटकळलेले. सगळ्यांदेखत हिनं कान धरले. व्याह्यांना वाटलं, हिच्याकडची निरोपाची रीत असेल. त्यांनीही धरले, मग भिडूंनी धरले... अख्खा हॉल कान धरून उभा! हिला हसावं की रडावं कळेना.

आणि रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी, दारात व्याही! बरोबर दोन भिडू! ना फोन, ना निरोप. सून बघतच राहिली, नि मग इतकी हसली, इतकी हसली... लेकानं अर्थ सांगितला, "म्हणते, आई, बाबा जन्मात कुणाकडे न कळवता गेले नव्हते, तुमच्यामुळे बिघडले." पण त्यातलं 'आई' तेवढं तिनं शिंपिणीच्या बोलीत म्हटलं होतं, पहिल्यांदाच.

आता दर रविवारी येतात. आणायला गेली होती एकाला, रांधते तिघांचं... आणि बोलायची सोय नाही!