सेव्ह न केलेला प्रोग्राम

लेबल प्रिंटरचं नाव काढू नका, माझं डोकं आजही फिरतं!

गिरीज गावात आम्ही सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, पॅक करतो. त्यांच्या लेबलचा प्रोग्राम मी दोन दिवस खपून स्वतः लिहिला. एकदाची सरळ लेबलं बाहेर पडायला लागली. सेव्ह करायचं तर छपाई थांबवावी लागते.

बायको म्हणाली, "थांबव, आधी सेव्ह कर."

मी खेकसलो, "आत्ता कुठे चालू झालंय, मध्ये बोलू नकोस!"

तेवढ्यात वीज गेली. प्रिंटर बंद आणि अख्खा प्रोग्राम गायब!

मी तणतणत वाडीत गेलो. बाबा केळींना पाणी सोडत होते. घर आणि पंप एकदम चालले की आमच्याकडे फ्यूज उडतो, म्हणून पंप लावताना ते घराचा मेन स्विच पाडतात.

"बाबा, न सांगता स्विच पाडलात? माझे दोन दिवस पाण्यात गेले!"

"आवाज खाली कर. रोजच्यासारखं ओरडून विचारलं, पंप लावू का? घरातून 'लावा' आलं, मग पाडला."

"कोण गाढव म्हणालं लावा?"

बायको माझ्या मागेच उभी होती.

"तूच म्हणालास. मी अडवणार होते, पण मला मध्ये बोलायची बंदी होती."