जैनीपुढं टाकलेलं शून्य

मी मूळची वरोऱ्याची, भाऊ. आमचे अब्बा गाद्या भरतात, रुई पिंजतात, घरात जिकडं तिकडं कापूस, मी नाकाले ओढनी बांधून अभ्यास केला म्हना ना. राज्यशास्त्रात एम.ए. झाली, पीएच.डी.ले नंबर लागला, तवा अब्बा म्हनले, बेटा, म्हंजे तू आता इलेक्शनले उभी राह्यशीन का? मी म्हनलं, नाई अब्बा, मी शिकवीन. त्याइले ते बरं वाटलं. अन् मंग गडचिरोलीले आली, ते आजपर्यंत इथीच.

आता काय सांगू तुमाले, पीएच.डी. म्हंजे आपलं संशोधन कराचं अन् संगं गाईड मॅडमचं कामबी. मॅडम बी.ए.ले लेक्चर देत, अन् आठवड्यातून एक तास चर्चेचा, पंधरा-वीस पोरं गोल बसवाचे, त्याइले बोलतं कराचं, तो माझ्याकडं. बोलन्याले गुन होते, दहापैकी, ते मीच टाकाचे. मले लय हौस. पह्यल्याच दिवशी असं छापील बोलली, लोकशाही काय, बहुमत काय, पोरं नुसते माझ्या तोंडाकडं पाहात राह्यले.

त्याइच्यात जैनी होती. भामरागडकडली माडिया पोरगी, हॉस्टेलले राहे. रोज सगळ्याइच्या आंधी येऊन बसे, पन तोंडातून शब्द नाई. मी विचारलं की खाली पाहे. एक दिवस मी चिडली, सगळ्याइच्या समोर म्हनलं, काऊन जैनी, वाचून येत नाईस का? नुसती बसाले येतेस का? पोरं हासले. अन् महिन्याच्या शेवटी मी तिच्या नावापुढं शून्य टाकलं. टाकलं म्हंजे टाकलं, काईच वाटलं नाई मले. यादी मॅडमकडं देऊन दिली.

मंग ती तासाले येनंच बंद झाली. दोन आठवडे झाले. सगळ्याइच्या वह्या आंधीपासूनच माझ्याकडं तपासाले होत्या, त्यात तिची निंगाली. उघडून पाह्यतो तं काय, मी तासाले विचारलेला एक-एक प्रश्न उतरवलेला, खाली उत्तर, असं उत्तर की वर्गात कोनीच देल्लं नव्हतं. अन् हरेक उत्तराच्या खाली दोनच शब्द, तास संपला. पान पलटवा, तास संपला. मले तिथीच रडू आलं, भाऊ.

तशीच हॉस्टेलले गेली. पोरगी पेटी भरून राह्यली होती, गावाले जातो म्हने, कायमची. मी म्हनलं, जैनी, चूक माझी हाय, तू बोलत काऊन नव्हती तेवढं सांग. तं थांबून थांबून म्हनते, मॅडम, तुमी विचारता ते मी पह्यले माडियात करतो मनात, मंग उत्तर सापडते, मंग ते मराठीत आनाचं, तवरोक तुमी दुसऱ्याले विचारून मोकळ्या. मी हात जोडले तिच्यासमोर. गुनाचं मी पाहीन, तू पेटी खाली कर.

गाईड मॅडमकडं गेली तं त्या म्हनल्या, यादी समोर गेली, आता बदलाची तं लेखी दे की चूक तुझी हाय, अन् तो कागद तुझ्या फाईलले लागते, पाहून घे. फाईल खराब म्हंजे समोर नोकरीच्या वक्ती कोनी विचारनार. मी देल्लं लिहून. तवा कुठं जैनीचे गुन बदलले.

मंग तासच बदलवला. प्रश्न विचाराचा अन् घड्याळ पाहून पाच मिनटं गप्प बसाचं, ज्याले ज्या बोलीत सुचते त्यानं त्यात लिवाचं. एकदा विषय निंगाला बहुमताचा, अन् जैनीनं हात वर केला. म्हनते, आमच्या गावात हात मोजत नाईत. बांबू कुठचा तोडाचा याच्यावर सभा बसली, एक म्हातारी नाई म्हने, तं सगळे दुसऱ्या दिवशी बसले, तिसऱ्या दिवशीबी बसले. अर्धा बांबू वाचला तिच्यापाई. एका पोरानं विचारलं, इतका टाइम कोनाले हाय? जैनी म्हने, तिले उद्याबी आमच्यातच राह्याचं हाय ना.  मी ते तसंच फळ्यावर लिवलं.

आता जैनी बी.ए. होऊन गावाकडं हाय, ग्रामसभेचं लिवन्याचं काम तिच्याकडंच. माझी पीएच.डी. सरत आली, नोकरीचं काई खरं नाई, होईन तं होईन. दर साली नवे पोरं येऊन गोल बसतात, माडिया, गोंडी, झाडी बोलीवाले, सिरोंच्याकडले तेलुगूवाले. अल्लाह त्याइले बोलाची हिंमत देवो, अन् मले आयकाचा धीर.